काच शाबूत आहे

ता. ४ फेब्रुवारी
चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.
ह्यांना संग्रहालयाची देखरेख मिळाली, आणि त्याच जुन्या बंगल्यात वर दोन खोल्या. बंगला एका लाकडाच्या व्यापाऱ्याने बांधला. पुढे नातवाने मेजवान्यांसाठी खालची मधली भिंत पाडून मोठा दिवाणखाना केला. त्यामुळे आमची वरची भिंत आता नुसत्या एका तुळईवर उभी आहे, आणि तिला तिरकी भेग पडली आहे. छकुलीला मी तिथे फिरकू देत नाही. हे हसतात. तू जुन्या इमारती तपासतोस, तूच सांग, मी उगीच घाबरते का?
आहे तो लोभ राहू दे.
ताई

ता. ९ फेब्रुवारी
ती. सौ. ताईस, शि. सा. न.
झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारी भित्री भागूबाई तू, त्यामुळे निम्मी भीती वजा केली. तरी भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी बसव, दोन्ही टोकं प्लास्टरमध्ये. भिंत केसभर सरकली तरी काच तडकेल. तडकली तर लगेच बाहेर पड. शाबूत राहिली तर खुशाल झोप. दाजींना नमस्कार, छकुलीला पापा.
भाऊ

ता. २४ फेब्रुवारी
चि. भाऊस, अनेक आशीर्वाद.
काच शाबूत आहे, जीव भांड्यात पडला. भिंतीवर जुनं चित्रकाम आहे, प्लास्टर लावायचं नाही म्हणून संचालक अडून बसले. मग मी काच चिकटपट्टीने बसवली. खाली दिवाणखान्याचं दार तेवढं घासतंय, ह्यांनी दोनदा रंधा मारला. तुझ्या भरवशावर छकुलीचा पलंग त्याच भिंतीशी हलवलाय.
लोभ वाढू दे.
ताई

ता. २७ फेब्रुवारी
ती. सौ. ताईस,
तार केली आहे, पण तारेत एवढं मावत नाही. चिकटपट्टी ताणली जाते. भिंत सरकली तरी काच फुटणार नाही. आणि दार घासतंय, कारण तुळई वाकतेय. छकुलीला उचल आणि बाहेर पड, दाजींशी वाद घालत बसू नकोस. एवढी वर्षं चिडवलं, आता ऐक, भागूबाई. घाबर.
भाऊ

ता. २८ फेब्रुवारी
चि. भाऊस,
तार वाचून हे हसले. मी छकुलीला झोपेतच उचललं आणि चपला न घालता जिना उतरले. हे चडफडत मागून आले. रस्ता ओलांडतोय तोवर भिंत पलंगावर कोसळली.
समोरच्या शिंप्याच्या दुकानात बसून लिहिते आहे. खिडकीतून भिंतीचा उरलेला तुकडा दिसतो. त्याला चिकटपट्टीने काच लोंबते आहे, अजून शाबूत. छकुलीला मांडीवरून खाली ठेववत नाही.
तुझी,
भित्री भागूबाई