मागच्या पायरीवरचा डाग

आईस, धाकटीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, खोकलाही बराचसा गेला. आज प्रयोगशाळेत फजिती झाली. नमुने वेगळे करताना दगडावर वाढणारं दगडफूल मी वनस्पतींच्या ताटात ठेवलं. बाई हसून म्हणाल्या, "आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघ तरी!" बघते तर काय, बुरशीने धाग्यांचं घर विणलेलं आणि आत हिरवं शेवाळ दोघांपुरतं अन्न करत बसलेलं! मी एक जीव समजत होते, तो दोघांचा संसार निघाला. तळहाताएवढा पसरायला तीसेक वर्षं लागतात म्हणे.

बाबा गेल्यापासून तू ‘एकटीपुरतं काय करायचं’ म्हणून जेवण टाळत नाहीस ना?

निघायच्या दिवशी मी मागच्या पायरीवरचा करडा डाग घासत होते, तो म्हणजे हेच दगडफूल गं. बाबांनी पायरी बसवली तेव्हापासूनचा असणार. अर्धा माझ्याच हाताने गेला. उरलेल्याला हात लावू नकोस.

तुझीच,
धाकटी