बेड नंबर अकराचा शब्दशः अहवाल

६ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.४०
आजपासून पहाटे पाचला उठून चॅपलमध्ये तासभर एकांतात प्रार्थना करायची, असा संकल्प. आत्ता उठलो. संकल्प मनात केला होता, मनात पाळला. रूममेट उठवेल असं वाटलं होतं. सगळे त्याला ‘घड्याळ’ म्हणतात, कारण घंटेआधी पाच मिनिटं तो चॅपलच्या दारात उभा असतो. त्याने मला तीनदा हलवलं म्हणे. चौथ्यांदा हलवायला काय झालं होतं?

सेमिनरीचं हे दुसरं वर्ष. पुढच्या वर्षअखेर बिशप डोक्यावर हात ठेवून दीक्षा देतील आणि मी चर्चचा पाळक होईन. आईने हे अख्ख्या मंडळीत सांगून ठेवलंय. मधे फक्त हॉस्पिटलची टर्म आहे. पेशंटला भेटायचं आणि खोलीवर येऊन ते संभाषण आठवून शब्दशः लिहायचं. डाव्या रकान्यात कोण काय बोललं, उजव्या रकान्यात त्या वेळी आपल्या मनात काय चाललं होतं. मग ते सहा जणांच्या गटात वाचायचं. गट घेतात हॉस्पिटलच्या चॅप्लिनबाई, म्हणजे पेशंटसाठी नेमलेल्या पाळक. त्यांचा शेरा थेट बिशपांकडे जातो. माझी भाषा चांगली आहे, त्यामुळे मला काळजी नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार. संध्याकाळ
पहिली भेट. बेड नंबर अकरा, रिटायर्ड लिफ्ट मेकॅनिक, दोन्ही फुफ्फुसं निकामी. सिस्टर म्हणाली, भेटायला कुणी येत नाही. एक मुलगी आहे, पण चार वर्षं बोलणं बंद आहे.

भेट छोटी पण सखोल झाली. मिनिटंच मोजायची तर दोन. अशा गोष्टी मिनिटांत मोजू नयेत. नंतर चिंतनाला भरपूर वेळ मिळाला. उद्या परत जाणार, नक्की.

९ ऑक्टोबर, गुरुवार
गेलो नाही. अहवाल उद्या द्यायचाय.

डाव्या रकान्यात तीन ओळी झाल्या. तीन ओळींचा अहवाल म्हणजे कामचुकारपणा वाटतो. म्हणून थोडी भर घातली. हे खोटं नाही. वेळ मिळाला असता तर आजोबा हेच बोलले असते. दुसऱ्या पानावर ते म्हणतात, “माझ्या मुलीला सांगा, मी तिला माफ केलं.” लिहिताना माझेच डोळे भरून आले. खाली कंसात ‘दीर्घ शांतता’ टाकली. उजव्या रकान्यात नम्रता लिहिली, दीड पान.

१० ऑक्टोबर, शुक्रवार
वाचलं. एकाने चक्क रुमाल काढला. चॅप्लिनबाई एवढंच म्हणाल्या, “फार सुरेख लिहिलंय.” मग चष्मा पुसत बसल्या. मी ते कौतुक समजतो.

घड्याळाचा अहवाल चार ओळींचा. पेशंट म्हणाला, तुमची गरज नाही, निघा. हा निघाला. उजव्या रकान्यात ‘वाईट वाटलं’. बस, एवढंच. मला त्याची कीव आली. त्याला थोडं शिकवायला हवं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
आज वॉर्डात गेलो. अकरा नंबरवर नवी चादर आणि दुसराच माणूस. आजोबा रविवारी गेले. सिस्टर म्हणाली, दोन दिवस सारखे विचारत होते, तो आला का, तो आला का. ‘तो’ म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

जेवलो नाही. हा उपवास नव्हता.

१५ ऑक्टोबर, बुधवार
चॅप्लिनबाईंनी बोलावलं. आजोबांची मुलगी त्यांचं सामान न्यायला आली होती. सेमिनरीतून कुणीतरी भेटून गेलं, हे तिला सिस्टरकडून कळलं. वडील काही बोलले का, एवढंच तिला विचारायचंय. अहवाल गोपनीय असतात, म्हणून बाईंनी तिला काही सांगितलं नाही. उद्या चारला येईल, काय सांगायचं ते तुम्ही ठरवा, म्हणाल्या. हे बोलताना त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

माझा विचार असा. ‘माफ केलं’ ऐकून तिला बरं वाटेल. कुणाचं नुकसान होत नाही. उलट सांगितलं नाही तर निर्दयपणा होईल.

तरी घड्याळाला विचारलं. पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याची अडचण आहे, असं सांगितलं. तो बूट पुसत होता. म्हणाला, “त्या विद्यार्थ्याला सांग, ती बाई जन्मभर ते वाक्य धरून बसेल. आणि ते वाक्य तुझं आहे.” मी म्हटलं, माझं नाही, त्या विद्यार्थ्याचं. तो बूट पुसत राहिला.

ठरलं. उद्या खरं सांगणार. तीन मुद्दे काढलेत. शेवटी दोन मिनिटं प्रार्थना.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो.

ती ऑफिसातून थेट आली होती, ओळखपत्र गळ्यातच. वडिलांचा स्क्रूड्रायव्हरचा संच पिशवीत होता. ती समोर बसली आणि माझे तिन्ही मुद्दे खिशातच राहिले. तिने विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, “ते म्हणाले, मी तिला माफ केलं.”

ती रडेल असं वाटलं होतं. तिचा चेहरा हळूहळू दगड झाला.

“मला माफ केलं? आई आजारी पडली तेव्हा ते घर सोडून गेले. तिच्या मातीलासुद्धा आले नाहीत. माफ करायचं ते मी करायचं होतं. त्यांनी माफी मागितली का, तेवढं ऐकायलाच मी आले होते.”

आमच्या प्रवचनांत नेहमी बापच माफ करतो आणि मूल परत येतं. सवयीने तसंच लिहून गेलो होतो. कोण कुणाचा अपराधी, हे मी कुणालाही विचारलं नव्हतं.

मग सांगितलं. मुद्दे नाहीत, प्रार्थना नाही. म्हटलं, हे मी रचलंय, ते असं बोललेच नाहीत. कान जळत होते. तिने विचारलं, मग काय बोलले?

“ते म्हणाले, बसा जरा. मी म्हणालो, उद्या येतो. ते म्हणाले, बरं.”

ती बराच वेळ गप्प होती. ही खरी शांतता, कंसातली नाही. मग तिने विचारलं, एवढी कसली घाई होती? मी म्हणालो, उपासनेची वेळ झाली होती. तिने मान हलवली, पिशवी उचलली आणि गेली. दार तिने हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
मी आपणहून चॅप्लिनबाईंकडे गेलो, असं लिहिणार होतो. त्यांनीच बोलावलं. त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं. त्या म्हणाल्या, दम लागलेला माणूस एवढी लांब वाक्यं बोलत नाही. वाट बघत होते, तुम्ही सांगता का. बिशपांना पत्र गेलंय. हॉस्पिटलची टर्म पुन्हा, म्हणजे दीक्षा एक वर्ष पुढे. आईला अजून कळवलेलं नाही.

आज गटासमोर अहवाल पुन्हा वाचला. डाव्या रकान्यात तीन ओळी. उजव्या रकान्यात आधी ‘उपासनेची वेळ’ लिहिलं होतं, ते खोडलं. त्याखाली लिहिलं, ‘भूक लागली होती. कँटीन साडेचारला बंद होतं.’ वाचून दाखवलं. कुणीही रुमाल काढला नाही. घड्याळ खाली जमिनीकडे बघत होता, माझी लाज त्यालाच वाटल्यासारखा.

लाज वाटते. इतकी, की आरशासमोर दाढी करवत नाही.

त्या मुलीला मात्र अजून उपासनाच माहीत आहे. तेही खोटंच, आणि तिला ते कळायला हवं. तिचा नंबर चॅप्लिनबाईंकडे आहे. उद्या मागतो.