अडीच एकर आणि एक गच्ची

नाशिक,
ता. १४ एप्रिल २०२५

ती. सौ. सगुणाताई यांस,
धाकट्या जावेचा, मोहिनीचा सा. न. वि. वि.

हातात मोबाइल असताना ही बाई पत्र का लिहितेय, असं तुम्हाला वाटेल. फोनवर बोलायला घेतलं की तुमचे दीर शेजारी येऊन बसतात आणि प्रत्येक वाक्यात दुरुस्ती सुचवतात. घरच्या ग्रुपवर लिहावं, तर ते संध्याकाळपर्यंत जळगावच्या मामेसासऱ्यांकडे पोचतं. पोस्टमन बिचारा अजून कुणाचं वाचत नाही.

सुनील विमा कचेरीतून निवृत्त झाला आणि पहिले काही महिने त्याने मला घर कसं चालवावं ते शिकवलं. जीव नकोसा झाला तेव्हा मी त्याला गच्चीवरच्या बागेच्या शिबिराला धाडलं. दोन रविवारांत माणूस शेतकरी होऊन आला. निळी पिंपं आणली, हिरवी जाळी बांधली, रोज सकाळी झाडांशी गप्पा मारू लागला. (तीस वर्षांत माझ्याशी इतकं बोलला नाही.) आता उन्हाळ्यात टोमॅटोची सगळी झाडं एकदम लाल झाली आहेत. घरात सार, चटणी, कोशिंबीर, पुन्हा सार. सोसायटीत वाटून झाले; पहिल्या आठवड्यात लोकांनी फोटो काढले, दुसऱ्यात आभार मानले, आता बेल वाजली की आतून टीव्हीचा आवाज बंद होतो. आमच्या अध्यक्षीण संजना यांनी फलक लावलाय की परवानगीशिवाय कुणाच्या दाराला पिशवी अडकवू नये.

हसून झालं असेल तर आता खरं ऐका. परवा नाश्त्याला सुनील म्हणाला की गावाकडचे त्याच्या वाटणीचे अडीच एकर तो आता स्वतः कसणार. अक्षय तृतीयेनंतर येऊन थोरल्या भावाला, यादवदादांना, तसं सांगणार. तुम्हाला वानवळा म्हणून टोमॅटो आणणार आहे. एकराने टोमॅटो लावणाऱ्यांना पिंपातल्या टोमॅटोचा वानवळा! मलाही मळ्यावर यावं लागेल म्हणतो. मी आणि शेणाची पाटी यांची ओळख व्हायची ही वेळ नव्हे. काहीतरी सुचवा.

लोभ आहेच, तो वाढवा. भाजी मात्र पाठवू नका.

तुमची
मोहिनी


मळा, चांदवड,
ता. १९ एप्रिल

चि. सौ. मोहिनीस,
सगुणाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी लय हसले आणि मग चुलीवरचं दूध उतू गेलं तरी कळलं नाही. बाई, त्याच अडीच एकरात आमची विहीर हाय. यंदाचे टोमॅटो तिथंच उभे आहेत. तो तुकडा गेला तर उरलेल्या माळावर नुसते दगड पिकतात. इतकी वर्षं भावजींनी कधी विचारलं नाही, म्हणून आम्हीही कधी बोललो नाही.

भीती मला भावजींची नाय, आमच्या मालकांची आहे. धाकट्या भावाने मागितलं की ते हो म्हणणार. म्हणून मी बेत केलाय. दोघा भावांची गाठच पडू द्यायची नाही. मालकांना मी डोळे तपासायला तुझ्याकडे पाठवते; दोन वर्षं टाळताहेत, कारणही खरंच आहे. त्याच दिवशी भावजींना इकडे धाड. आमचा तोडा चालू आहे. मे महिन्याच्या उन्हात वाकून दिवसभर टोमॅटो तोडले, की त्यांची शेती त्यांच्या कमरेतूनच निघून जाईल. चार दिवसांत माघारी येतील, तू औषधाची बाटली तयार ठेव.

मालकांना कमी तिखट लागतं असं ते सांगतील. खोटं आहे.

माया होती तशीच आहे.

तुझी
सगुणाबाई


नाशिक,
ता. ४ मे

ती. सौ. सगुणाताई यांस,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

दादांचे डोळे उत्तम आहेत. आता बाकीचं ऐका.

पहिल्या संध्याकाळी ते गच्चीवर गेले ते धाकट्या भावाला हसायला. अर्ध्या तासाने मी चहा घेऊन गेले, तर दादा जाळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले आणि समोर संजनाबाई. दादांनी दोन फांद्या छाटल्या, एक झाड सुतळीने बांधलं, तर बाई म्हणाल्या, काय हात आहे तुमचा! ताई, दादा अक्षरशः लाजले. मला म्हणाले, आजवर व्यापाऱ्याने माझा टोमॅटो हातात घेतला तो फेकायलाच. इथं बाया त्याचा तीन बाजूंनी फोटो काढतात.

पुढची गंमत अशी, की दादांनी फुकट वाटणं बंद केलं. सांगितलं, पाळीने एका घराला दोनच, तेही मी पिकला म्हणेन तेव्हा. झालं! जे लोक बेल ऐकून टीव्ही बंद करत होते, ते आता जिन्यात थांबतात. काल दोन बायकांचं पाळीवरून वाजलं. संजनाबाईंनी तो फलक काढून टाकला आणि दादांना सोसायटीचे मार्गदर्शक नेमलं.

परतीच्या एसटीचं विचारलं, तर म्हणतात बघू. इथं नळ सोडला की पाणी येतं आणि विजेची वाट बघावी लागत नाही, याचं त्यांना फार कौतुक आहे. तिकडे सुनीलची कंबर गेली का? निदान एक तरी माणूस ठरल्याप्रमाणे वागू द्या.

काळजीत असलेली,
पण लोभात कमी न पडलेली
मोहिनी


मळा, चांदवड,
ता. ८ मे

चि. सौ. मोहिनीस,
सगुणाबाईचे आशीर्वाद. वि. वि.

भावजींची कंबर पहिल्याच दिवशी गेली. त्याच दिवशी त्यांनी चार क्रेट माल वाया घालवला. आम्ही बाजाराचा टोमॅटो नुसती लाली धरली की तोडतो, वाटेत तो पिकतो. भावजींनी गच्चीच्या सवयीने फक्त लालभडक निवडून घेतले, एकेक हळुवार, जणू बाळाला न्हाऊ घालताहेत. गाडी बाजारात पोचेपर्यंत खाली रस. भागीबाई तोडणीला येते, ती म्हणाली, भावजी, मुंबईला माल धाडायचाय, सार नाय. सगळ्या बाया हसल्या. मला वाटलं, आता हे बॅग भरणार.

दुसऱ्या दिवशी पडून होते. तिसऱ्या दिवशी बायांच्या आधी बांधावर हजर. चौथ्या दिवशी माल नीट काढला. भागीबाई रोज टोमणे मारते आणि त्यांना ते आवडतं. माझा बेत फसला, हे दिसल्यावर मी लपवाछपवी सोडली. न्याहारीला भाकरी वाढली आणि सरळ विचारलं:

"भावजी, हा तुकडा तुम्ही घेतला तर आम्ही खायचं काय?"

हातातला घास ताटात ठेवला त्यांनी. शपथेवर सांगते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. विहिरीकडे एकदा बघितलं. मग म्हणाले:

"वहिनी, मला जमीन नको. मला सकाळी उठून कुठंतरी जायचंय."

मोहिनी, मला हसू आलं नाही. तू काय करशील बघ. आणि आमच्या मालकांना सांग, मार्गदर्शन पुरे, इथं म्हैस त्यांची वाट बघते.

तुझी
सगुणाबाई


नाशिक,
ता. १३ मे

ती. सौ. सगुणाताई यांस,
मोहिनीचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दादांना वाचून दाखवलं. आपला सगळा बेतही सांगितला, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. आधी चिडले. म्हणाले, डोळे तपासायला आणलं आणि दिसू मात्र काही दिलं नाही. मग कुंडीतली माती उकरू लागले. भावाने मागितलं असतं तर दिलं असतं, असं म्हणाले. मी म्हटलं, म्हणूनच तुम्हाला इथं आणलं. त्यावर हसले, आणि उद्याच्या एसटीचं स्वतःच विचारलं. संजनाबाई त्यांना सोडायला रिक्षापर्यंत येणार आहेत, डोळे पुसत.

आता ठरलं ते असं. जमीन आहे तशी, दादांकडेच. सुनीलशी मी फोनवर बोलले. (यावेळी शेजारी बसून दुरुस्त्या करायला कुणी नव्हतं.) तो घरी येतोय आणि सोमवारपासून रोज सकाळी मळ्यावर कामाला यायला इथल्या द्वारका चौकातून चांदवडची एसटी धरील, अंधार पडायच्या आत परत. रविवारची सुटी मागत होता. ते दादांना विचार म्हटलं. डबा मी देईन. गच्चीवरच्या पाण्याचं मी बघते, आणि दुपारभर घर माझं.

उशीर झाला तर बोला, दीर म्हणून सोडून देऊ नका. आयुष्यभर त्याला साहेब मिळाले, मालकीण पहिल्यांदाच मिळतेय.

बाकी सर्व क्षेम. लोभ मागत नाही, तो आता रोजच्या एसटीने येईलच.

तुमची
मोहिनी