सोमवारचं सोंग

जव्हार, चैत्र २००३

प्रिय हेमंत,

बढती घेऊन तू ठाण्याहून जव्हारला परत येतोयस, सोमवारी हजर होतोयस, हे कळलं. अभिनंदन. तुझ्या टेबलाला नवी काच बसवली आहे, खुर्चीला टॉवेल घातला आहे. आमचा शिपाई सोम्या विचारत होता, नवे साहेब कसे आहेत? मी म्हटलं, बोलायला फार गोड. खोटं कशाला सांगू? त्या गोड बोलण्यावर मीच एकदा भाळले होते.

तू दाभोशाचा, मी साखरशेतची. आश्रमशाळेत एका वर्गात होतो आणि दोघांच्या घरी चुलीपाशी बोली एकच होती. पुस्तकातली मराठी तू माझ्याआधी उचललीस. सुट्टीत मला नदीकाठी बसवून वाक्यं घोटून घ्यायचास, चुकले की हसायचास, पण तेव्हाचं हसू वेगळं होतं. पुढे इथल्या आदिवासी प्रकल्पाच्या एकाच कार्यालयात नोकरी लागली, तेव्हा माझी बहीण पोशी म्हणायची की आता फक्त सुपारी फुटायची राहिली. तूही नाही म्हणत नव्हतास.

मग ती बैठक झाली. वावरकडची बाळं कुपोषणानं गेली त्याला फार काळ लोटला नव्हता, वरून साहेबांच्या गाड्या सारख्या यायच्या. पाड्यावरच्या बायका आरोग्य शिबिराला का येत नाहीत, असं साहेबांनी विचारलं आणि सगळे माना खाली घालून बसले. मला कारण ठाऊक होतं, शिबिरात त्यांच्याशी कुणी धड बोलतच नाही, म्हणून मी उठले. भीतीनं तोंडातून घरचीच बोली आली. ‘सायेब, तठं बायका…’ एवढंच म्हणाले असेन. मागून तू तेच शब्द माझाच आवाज काढून म्हणालास. साहेब हसले. साहेब हसल्यावर अख्खं कार्यालय हसलं. मी खाली बसले आणि उत्तर तू दिलंस, चांगल्या शुद्ध मराठीत, की बायका अडाणी आहेत, सर. नंतर व्हरांड्यात मला म्हणालास, थट्टा केली गं, मनाला लावून घेऊ नकोस. पण बोलणं सुधार, उद्या तुला चार माणसांत न्यायचं कसं? त्याच दिवशी मी पोशीला सांगून टाकलं, सुपारीचं नाव काढायचं नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी बैठकीत तोंड उघडलं नाही. साहेब बदलत गेले, तू ठाण्याला गेलास, तिथलीच बायको केलीस, आणि मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ‘हो सर’ म्हणत राहिले. तुझा राग यायचा. अजून येतो. लोक म्हणतात, काळ हे औषध आहे. असेल, मला तरी त्याचा गुण आला नाही.

मग एकदा पुण्याहून एक बाई ‘कार्यालयीन संवाद आणि परस्परसंबंध’ शिकवायला आल्या. म्हणाल्या, साहेबांनी शिपाई व्हायचं, शिपायानं साहेब व्हायचं आणि तसं बोलून दाखवायचं. कुणी जागचं हलेना. साहेबांसमोर साहेब व्हायची कुणाची छाती? शेवटी न राहवून मीच उठले. म्हटलं, अरे, हा तर आपला बोहाडा! देवाचा मुखवटा चढवून कुणी नाचायला आला की आत जीपवाला देवराम आहे हे आपण बघतो का? सोंग नाचतं, आपण हात जोडतो. सगळे खदखदून हसले, आणि या वेळी ते हसू मला बोचलं नाही. सोम्या साहेब झाला, साहेब सोम्या झाले, आणि ‘ए, इकडे ये’ ही हाक कानाला कशी लागते ते साहेबांना पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून हे प्रशिक्षण माझ्याकडे आहे. जव्हार-मोखाड्यात कुणाला कुठलं सोंग द्यायचं ते मी ठरवते.

बैठकीचं उट्टं मी तुझी नक्कल करून कधीच काढलं असतं. मला ती हुबेहूब येते. पण माझ्या मनात त्याहून वेगळं काही रुतून बसलंय. तू ठाण्याला जायच्या थोडं आधी धोंडीबाई, तुझी आय, भरल्या जीपला लोंबकळत दाभोशाहून आली होती. गाठोड्यात नाचणीच्या भाकरी आणि सुके बोंबील होते. तू साहेबांबरोबर दारात उभा होतास. साहेबांनी विचारलं, कोण ही? तू म्हणालास, पाड्यावरची बाई आहे, काहीतरी काम असेल. आणि मला म्हणालास, हिला बाहेर बसव. मी तिला आंब्याखाली बसवलं. तिनं गाठोडं सोडलं, अर्धी भाकर मला दिली आणि म्हणाली, ‘माझा पोऱ्या सायेब झाला, बेस झाला. माणसांत त्याला लाज नको.’ मग तुझ्या वाटची भाकर माझ्या हातात ठेवून ती परतीच्या जीपकडे चालू लागली. ती भाकर मी तुला दिली नाही. मीच खाल्ली, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही.

सोमवारी पहिलाच कार्यक्रम माझं प्रशिक्षण आहे. उद्घाटन तुझ्या हस्ते, आणि पहिलं सोंगही तुझंच. तू पाड्यावरची बाई, गाठोडं घेऊन कार्यालयाच्या दारात आलेली. दारातला माणूस मी होणार आहे, आणि त्यानं काय बोलायचं ते मला तोंडपाठ आहे. समोर पाड्यापाड्यांवरच्या बायका बसतील. त्यांना बोलवायचं हे मीच सुरू केलं. पहिल्या खुर्चीवर धोंडीबाई असेल. मी स्वतः दाभोशाला जाऊन तिला आमंत्रण देऊन आले. सोंगाबद्दल तिला काही सांगितलेलं नाही. तिनं नवं लुगडं काढून ठेवलंय आणि मला एवढंच विचारलं, ‘पोरी, आता तरी आत बसवशील ना?’

हे सोंग टळायला एकच वाट आहे. तिची जीप दारात थांबेल तेव्हा सगळं कार्यालय तुझ्यासाठी हार घेऊन उभं असेल. पुढे हो, तिला हात देऊन उतरव, आणि ती तुझी कोण ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांग, आपल्या बोलीत. मग मी तुला दुसरं सोंग देईन. नाहीतर भाकरी मी स्वतः भाजून गाठोडं बांधून आणणार आहे. तुला काही न कळवताही हे करता आलं असतं. पण मला तू सोमवारपर्यंत तळमळायला हवा आहेस, म्हणून देवराम ठाण्याला निघालाय त्याच्या हाती हे पत्र देते आहे.

एकेकाळी तुझीच,
सोमवारी दारात उभी असलेली
योगिता