पाठीवरचं आडनाव

भाऊ ईश्वर, अमेरिकेहून तुला जाईबाईचा जयभीम.

मी बरी आहे. तुझे गुडघे कसे आहेत?

आपला विवेक लेकीच्या बेसबॉलच्या शर्टावर आडनाव छापू देईना. इथले मराठी लोक त्यावरून जात ओळखतात, म्हणाला.

शेजारचे गोल्डफार्बबाबा ज्यू आहेत, तरणेपणी बेसबॉलमधलं मोठं नाव. त्यांनाही संघाच्या मालकानं आडनाव बदलायला सांगितलं होतं. त्यांनी बदललं नाही. लोक शिव्या द्यायचे, बाबा चेंडू मैदानाबाहेर टोलवायचे. म्हातारे होईस्तोवर तेच आडनाव.

मी विवेकला म्हटलं, "त्यांना जमलं, तुला काय धाड भरली?"

शनिवारी आपली पायल पाठीवर 'गजभिये' लावून खेळली अन् हरली. विवेक मात्र सारखा लोकांची तोंडं न्याहाळत होता. मी म्हटलं, "मेल्या, पोरीकडे बघ."

तुझी बहीण,
जाईबाई