झाडावर बांधलेले पेर

३ ऑगस्ट

चि. धाकटीस अ. आ.

आठवतं, शाळेत सिस्टर मोजे तपासायला आधी माझ्या वर्गात यायच्या आणि मग मी माझे धड मोजे पळत येऊन तुला द्यायचे? आज सिनेमावाल्यांनी मला मुद्दाम भोकाचे मोजे दिले आणि मला हसूच आवरेना.

हो, सिनेमा! वीजकेंद्रातल्या अणुअपघातानंतर गावात परतलेल्यांची गोष्ट. म्हणजे आमचीच, फक्त त्यांची माणसं फार रडतात. दिग्दर्शिका म्हणाली, आजी, जरा दुःखी दिसा. मी म्हटलं, जेवणाआधी सांग, जमेल.

काळजी एकच. शेवटच्या दृश्यात तिला आईचं पेराचं झाड तोडायचंय. घर दोघींचं, म्हणून तुला विचारते. फळं दरवर्षी किरणोत्सर्ग मोजणीच्या यंत्रावर नापास होतात आणि मी ती पुरून टाकते, हे खरं. यंदाची मोजायचीत. पण मला तोडवत नाही गं.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
ताई

१० ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

तोडू दे, ताई. खाता येत नाही त्याला किती वर्षं पाणी घालशील? कंबरेची तरी दया कर. यंदाही नापास झाली तर माझा होकार समज. पास झाली, तर त्या बाईला म्हणावं, स्वतःचं झाड घेऊन ये.

रागावू नकोस, तू रागावलीस की मला करमत नाही.

धाकटी

१९ ऑगस्ट

चि. धाकटीस अ. आ.

आधी फजिती ऐक. टोपली यंत्रावर ठेवली, आकडा अगदी स्वच्छ! सगळ्यांनी तिथेच फोडी खाल्ल्या. तेवढ्यात सिनेमाचा सामानवाला धावत आला, आजी, माझे पेर कुठायत? आपले हिरवे पेर कॅमेऱ्यात पानांमध्ये दिसेनात, म्हणून त्याने बाजारातले पिवळे दोऱ्याने बांधले होते. मी दोऱ्यासकट तोडले! मला वाटलं, कोळ्याची जाळी.

हसू थांबलं. मग आपल्या झाडाचे खरे आणून यंत्रावर ठेवले. आकडा आला आणि गावातल्या बेकरीवाल्याने मला उचललंच. पास! रडली ती दिग्दर्शिका. करवत गाडीत परत गेली. शेवटच्या दृश्यात आता आम्ही पेर खातोय.

सोबत टोपली आहे. मोठे दोन आमच्या मेहुण्यांना, दात सांभाळून खा म्हणावं. चार तुझ्या डॉक्टरीणबाईंना. तुझी सूनबाई आमच्या गावचं काही घरात घेत नाही, तिच्यावर चिडू नकोस. तिला आधी मोजणीची चिठ्ठी दे, पेर मागाहून. नातीचा वाटा वेगळा बांधलाय, तो तिच्या आईने हो म्हटल्यावरच दे. घाई नाही, अजून पिकायचाय.

ताई