चेहऱ्यासाठी धरलेले सोमवार

सोम. २ ऑगस्ट १९५४, कल्याण
श्रावणी सोमवार. मुरुमांसाठी आजपासून उपास. आत्याचं फर्मान. नवरा गेल्यापासून ती माहेरी, म्हणजे आमच्याकडे, आणि निम्मा आठवडा उपाशी. चेहरा मात्र पन्नाशीतही नितळ. म्हणते, "रक्तातली उष्णता उतरते गं उपासाने." गणपतीच्या आधी ठाण्याचे लोक मला बघायला येणार. मागच्या दोन्ही स्थळांनी चेहऱ्यावरूनच नाही म्हटलं. पुन्हा नकार आला तर अप्पांना काय तोंड दाखवू, तेही असलं.

सोम. ९
पुळ्या वाढल्या. साबुदाण्याची खिचडी, दाणे, तळलेला बटाटा... आत्या म्हणाली, "हा उपास की चंगळ?" आता उपासाला नुसतं ताक. आणि सोमवारच कशाला, रोज एकदाच जेवायचं.

शुक्र. २०
कपाळ साफ. हनुवटीवर डाग तेवढे उरलेत. आरशापुढून हलवत नाही. बांगड्या मात्र कोपरापर्यंत सरकतात. आई ताट घेऊन मागे मागे. "अगं, अन्न टाकून कुठे रूप येतं?" म्हटलं, येतंय की, बघ. डोळे पुसत आत गेली. वाईट वाटलं, पण जेवले नाही.

रवि. २९
ठाणेकर येऊन गेले. टेंभी नाक्याला राहतात. मुलाच्या आईने हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला. "नितळ आहे हो." इतका आनंद मला कधी झाला नव्हता. मग मनगट चाचपलं आणि अप्पांकडे वळून, "छातीचं काही नाही ना? क्षयबिय?" अप्पा शपथा घेत राहिले. उपासाचं सांगावं, तर ते कशासाठी तेही सांगावं लागणार. म्हणून तो विषय कोणी काढलाच नाही. छातीचा फोटो काढून दाखवा म्हणाले.

शनि. ११ सप्टें.
ठाण्याला फोटो काढला. छाती स्वच्छ. डॉक्टरांना हळूच विचारलं, मुरुम उपासानेच गेले ना? "गेले असतील, नसतीलही. वयाने येतात, वयाने जातात. अंगातलं रक्त मात्र तुझं उपासानेच गेलंय."

गुरु. १६
तरीही नकार. वर आळीत बोभाटा, हिच्या छातीचा फोटो काढावा लागला म्हणून. आत्यावर चिडले. तुझे तरी मुरुम उपासाने गेले का, विचारलं. तिने पोथी मिटली. "होते गं, तुझ्यासारखेच. हे गेले, मग उपास आले आणि आरसा सुटला. मुरुम केव्हा गेले ते मी बघितलंच नाही." दोघी रडलो.

सोम. २०
डोंबिवलीचं एक स्थळ. बिजवर. पितृपक्ष संपला की येतील. हनुवटीवर दोन नव्या पुळ्या. आई ताट वाढून हाका मारते आहे. भूक सपाटून लागली आहे. डोंबिवलीचे लोक आधी काय बघतील, चेहरा की मनगट?